२००४ च्या डिझेल मोटरहोमचे बेल्ट: बदलायचे का, आणि घरी बदलता येतील का

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात तीन-चार प्रश्न एकात एक अडकले आहेत. मला समजलं ते असं. २००४ ची ३६ फुटी मोटरहोम (चाकांवरचं घर), इंजिन मागे, कमिन्सचं ५.९ लिटरचं आयएसबी, ४८,००० मैल चाललेली. गेल्या वर्षी ॲरिझोनातल्या मेसामध्ये जुनी घेतली आणि आधीच्या मालकाकडे बेल्ट कधी बदलले याची काहीच नोंद नव्हती. एका गॅरेजने ‘टायमिंग बेल्टसकट सगळे बेल्ट’ म्हणून २,८०० डॉलर सांगितले. तुम्ही टॉर्च मारून पाहिलं, तर एकही भेग दिसली नाही. जूनमध्ये फिनिक्सहून फ्लॅगस्टाफ आणि पुढे ग्रँड कॅनियनला जायचंय. हे काम खरंच गरजेचं आहे का, आणि गरजेचं असेल तर स्वतः करता येईल का, असं तुम्ही विचारता.

आधी टायमिंग बेल्टचं सांगतो, म्हणजे तो विषय संपेल. टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात ठेवणारा रबरी पट्टा. तुमच्या इंजिनात तो नाही.

या इंजिनाच्या घराण्याशी माझी ओळख अमेरिकेत येण्याआधीची. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत मी शिकाऊ म्हणून उभा राहिलो, तेव्हा टाटाच्या ट्रकमध्ये कमिन्सचं सहा सिलिंडरचं ६ बीटी यायला लागलं होतं. पुण्याच्या माणसाला कमिन्स हे नाव कोथरूडमुळे माहीत असतं, १९६२ च्या किर्लोस्कर कमिन्सपासून. ट्रकमधली ही इंजिनं मात्र जमशेदपूरच्या टाटा कमिन्सची. बोअर १०२ मिलिमीटर, स्ट्रोक १२० मिलिमीटर. तुमचं आयएसबी त्याच ब्लॉकच्या वंशातलं आहे. १९९८ पासून त्याला २४ व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं, पण क्रँक आणि कॅम यांचं नातं तेच राहिलं: दाते असलेला गिअर दुसऱ्या गिअरला थेट भिडलेला, आणि दोन्ही तेलात. तिथे रबर नाही आणि मैल पाहून बदलायचा भागही नाही.

गॅरेजवाल्याने मुद्दाम फसवलं असेल असं मी म्हणणार नाही. काउंटरवरचा माणूस रोज वेगवेगळ्या गाड्या पाहतो. युरोपातल्या कितीतरी मोटरहोम फियाट डुकाटोवर बांधलेल्या असतात आणि त्यातल्या २.३ लिटरच्या डिझेल इंजिनाला खरोखरच टायमिंग बेल्ट असतो. तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात. (जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कुणाकडे तसली गाडी असेल, तर त्यांनी तो बेल्ट कंपनीने दिलेल्या मुदतीत, अनुभवी माणसाकडूनच बदलून घ्यावा. या उत्तरातलं पुढचं काहीही त्या बेल्टला लावू नये.) तुम्ही गॅरेजला एवढंच म्हणा, की टायमिंग बेल्टचा पार्ट नंबर कोटेशनवर लिहून द्या. तो नंबर सापडणार नाही आणि ती ओळ आपोआप जाईल.

आता उरले बाहेरचे बेल्ट, आणि ते नक्कीच महत्त्वाचे आहेत. तुमच्या इंजिनाच्या तोंडावर एक रुंद, आतून उभ्या रेघा असलेला बेल्ट आहे. वॉटर पंप आणि अल्टरनेटर त्यावर फिरतात. डॅशबोर्डच्या एसीचा कॉम्प्रेसर काही गाड्यांत त्याच बेल्टवर असतो, काहींत त्याचा वेगळा छोटा बेल्ट असतो. रेडिएटर मागच्या बाजूला असेल तर पंखाही बहुधा बेल्टवरच असतो. रेडिएटर बाजूला असेल तर पंखा हायड्रॉलिक मोटरवर चालतो आणि बेल्टशी त्याचा संबंध नसतो. तुमच्याकडे यातलं काय आहे ते प्रश्नावरून कळत नाही आणि पुढचं बरंचसं त्यावरच ठरणार आहे.

बेल्ट तुटला तर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण रस्त्यावर विचार करायला वेळ नसतो. ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगचा पंप या इंजिनावर गिअरवर चालतात. म्हणजे बेल्ट गेला तरी ब्रेक आणि स्टिअरिंग तुमच्या हातात राहतात. घाबरून मधल्या लेनमध्ये थांबायचं कारण नाही. पण वॉटर पंप त्याच क्षणी थांबतो. आधी बॅटरीचा दिवा लागतो आणि मग तापमानाचा काटा चढायला लागतो. चढावर, पूर्ण जोरात चाललेल्या इंजिनाला फार वेळ मिळत नाही. बॅटरीचा दिवा लागला, की ‘पुढच्या गावात बघू’ म्हणायचं नाही. पहिली सुरक्षित जागा दिसली की थांबायचं आणि इंजिन बंद करायचं. डिझेल पुशरमध्ये, म्हणजे मागे इंजिन असलेल्या अशा गाडीत, इंजिन तुमच्यापासून तीस-पस्तीस फूट मागे असतं. वास येत नाही, आवाज येत नाही, वाफही आरशात दिसली तरच दिसते. मोटारीत जे नाकाला आणि कानाला कळतं, ते इथे फक्त काट्यावर कळतं.

भेगांबद्दल. भेग नाही म्हणजे बेल्ट चांगला, हा नियम जुन्या रबराचा होता. पूर्वीचे बेल्ट निओप्रीनचे असत. म्हातारे झाले की रेघांवर आडव्या भेगा पडत. तीन इंचांच्या तुकड्यात एकाच रेघेवर तीन भेगा दिसल्या की बेल्ट काढायचा, असं आम्ही शिकलो. पण गेल्या वीसेक वर्षांतले चांगले बेल्ट ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. ते भेगाळत नाहीत, टायरसारखे झिजतात. रेघांमधली दरी हळूहळू रुंद होते, मग रेघेचं टोक पुलीच्या खोबणीच्या तळाला टेकतं आणि बेल्टची पकड सुटते. वरून पाहणाऱ्याला तो काळा, गुळगुळीत, अगदी ठणठणीत दिसतो.

म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, बोट फिरवा. इंजिन गार आणि बंद असताना बेल्टच्या रेघांच्या बाजूवर नख आडवं ओढा. नव्या बेल्टच्या रेघांना कड असते आणि नख प्रत्येक रेघेवर टक्‌टक्‌ अडकत जातं. झिजलेल्यावर ते घसरतं. बेल्टची झीज मोजायची छोटी प्लास्टिकची पट्टी ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळते. ती रेघांमध्ये बसवून पाहिली की शंका राहत नाही. शिवाय बेल्टच्या कडेला सुताचे धागे सुटलेले दिसतात का, पाठीवर काचेसारखी चकाकी आहे का, आणि पुल्यांच्या आजूबाजूला काळी भुकटी साचली आहे का, हेही बघा. भुकटी असेल तर बेल्ट कुठेतरी तिरका चालतोय.

तरीही, तुमच्या बाबतीत मी झीज मोजत बसणार नाही. मोटरहोमचे बेल्ट मैलांनी जितके म्हातारे होतात तितकेच उभे राहून होतात. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात बंद इंजिनखोलीत तापत उभी राहिलेली गाडी, बेल्ट टेन्शनरच्या (तो ताणून धरणाऱ्या स्प्रिंगच्या हाताच्या) ताणाखाली महिनोन्‌महिने एकाच घडीत वळलेला. ४८,००० मैल हा आकडा या बेल्टबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मोटरहोमचे बेल्ट मी सात-आठ वर्षांनी मैल न पाहता बदलतो. नोंद नसेल, तर बेल्ट गाडीइतकाच जुना धरतो. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, बदला, आणि जूनच्या आधी बदला. फिनिक्स सुमारे ११०० फुटांवर, फ्लॅगस्टाफ जवळपास ७००० फुटांवर, आणि मधला रस्ता साधारण १४५ मैलांचा. ब्लॅक कॅनियन सिटीनंतरचा चढ आणि कँप व्हर्डेच्या पुढचा लांबलचक चढ, दोन्ही जूनच्या दुपारी. बिननोंदीचा बेल्ट घेऊन मी तिथे जाणार नाही.

पण नुसता बेल्ट बदलून थांबलात तर अर्धंच काम होईल, आणि मला खरं ह्याबद्दलच लिहायचं आहे.

काही वर्षांपूर्वी याच रस्त्यावरच्या सनसेट पॉइंटच्या विश्रांतिस्थळावर एका जोडप्याची गाडी थांबली होती, तुमच्यासारखीच, हेच इंजिन. बेल्ट तुटला होता. गृहस्थ अगदी हताश होऊन मला सांगत होते, की हा बेल्ट तीन आठवड्यांपूर्वीच नवा टाकला, मग दोष बेल्टचाच. मी मागचं दार उघडलं. तुटलेल्या बेल्टचा अर्धा भाग पंख्याला गुंडाळला होता, धागे सुतळीसारखे पिंजारून बाहेर आलेले. बेल्टची पाठ एका जागी भाजून निळसर काळी पडली होती आणि हाताला काचेसारखी लागत होती. बेल्टला दिशा देणारी साधी आयडलर पुली मी दोन बोटांनी फिरवून पाहिली. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कर्रकन आवाज करून पाव वळसा सरकली. बेअरिंगमधलं ग्रीस कधीच संपलं होतं. ज्याने बेल्ट बदलला त्याने जुना काढला, नवा चढवला आणि बिल केलं. पुली तेव्हाच अडखळत असणार. नव्या बेल्टने ती तीन आठवडे ओढली आणि चढावर ती अडकली. त्या पुलीची किंमत बेल्टपेक्षाही कमी होती.

माझ्याकडे तुटलेले किंवा निसटलेले म्हणून जे बेल्ट येतात, त्यांतले बहुतेक असेच असतात. म्हणून बेल्ट उतरवल्यावर, नवा चढवण्याआधी जी दहा मिनिटं मिळतात, ती सगळ्यांत मोलाची. तेव्हा एकेक पुली हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग किंचित जड, मुलायम फिरतं आणि हात काढला की लवकर थांबतं. खरखर लागली तर बेअरिंग गेलं. पण एक झटका दिल्यावर पुली पंख्यासारखी भिरभिर फिरतच राहिली, तर खूश होऊ नका. त्यातलं ग्रीस सुकलंय म्हणून ती इतकी मोकळी झाली आहे. मग पुली धरून आडवी हलवा. जरासाही खेळ जाणवला तर बदला. बेअरिंगभोवती गंजाचा तांबूस लेप दिसला तरी बदला.

वॉटर पंपाच्या अंगाला खालच्या बाजूस एक बारीक भोक असतं. आतलं सील गळायला लागलं की पाणी तिथून बाहेर पडतं. तिथे कूलंटचा वाळलेला, पांढरट किंवा रंगीत ओघळ दिसला तर पंप बदलायची वेळ आली आहे. तो आत्ताच बदला, कारण बेल्ट एकदा उतरवलेलाच आहे.

टेन्शनर वेगळा तपासायचा. तो स्प्रिंगचा हात आहे आणि बेल्ट ताणून धरणं एवढंच त्याचं काम. इंजिन चालू असताना, लांबून, टॉर्चच्या उजेडात त्या हाताकडे पाहा. तो जवळजवळ स्थिर असायला हवा. थरथरत पुढे-मागे नाचत असेल तर आतला थरथर शोषणारा भाग गेलाय. बेल्ट काढताना पान्याने हात ओढा आणि हळूच परत सोडा. मध्येच अडकत, धक्के खात परतला, तर तोही गेलेला आहे. वीस वर्षांच्या गाडीवर मूळ टेन्शनर असेल, तर मी बेल्टबरोबर तो न विचारता बदलतो.

आणि एक जागा बहुतेक जण बघतच नाहीत: क्रँकच्या तोंडावरची सगळ्यात मोठी पुली, म्हणजे क्रँकची थरथर शोषणारा डॅम्पर. काही इंजिनांवर त्यात आतल्या लोखंडी भागाच्या आणि बाहेरच्या कड्याच्या मध्ये रबराचा थर असतो. तसा असेल तर दोन्ही भागांवर एक-एक खूण कोरलेली सापडेल. दोन्ही खुणा समोरासमोर हव्यात. १.६ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकल्या असतील, किंवा रबर बाहेर फुगून आलं असेल, तर कडं घसरलंय आणि डॅम्पर बदलायला हवा. हे काम मात्र घरी करू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न: स्वतः करता येईल का? याचं उत्तर तुमच्या हातांपेक्षा तुमच्या रेडिएटरवर अवलंबून आहे. मागे इंजिन असलेल्या गाडीत इंजिन उलटं बसवलेलं असतं, म्हणजे बेल्टचं तोंड मागच्या बंपरकडे. रेडिएटर बाजूला असेल, तर मागची जाळी उघडली की बेल्ट समोर दिसतो आणि हात सरळ पोचतो. पान्याची सवय असलेल्या माणसाचं ते एका सकाळचं काम. रेडिएटर मागे असेल, तर बेल्ट रेडिएटर आणि इंजिनाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत असतो. पलंगाखालचं झाकण उघडून वरून हात घालावा लागतो आणि बेल्ट पंख्याच्या एकेका पात्यावरून, जाळीच्या आतून ओवावा लागतो. शक्य आहे, पण पहिल्यांदा करणाऱ्याचा पूर्ण दिवस जातो, आणि दुसऱ्या माणसाशिवाय करू नका.

एका बाबतीत मात्र मी परिस्थितीवर सोडणार नाही. गाडीखाली जाऊ नका.

ही गाडी साधारण बारा टनांची आहे आणि ती हवेच्या फुग्यांवर उभी आहे. हवा हळूहळू गळते, कधी एकदम जाते. नळी फुटली, किंवा चॅसीची (गाडीच्या सांगाड्याची) उंची ठेवणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांडीला चुकून कोपर लागलं, तरी गाडी काही इंच खाली बसते. ते काही इंच माणसाच्या छातीएवढे असतात. अशी माणसं गेलेली आहेत. गाडी समतल करायचे जे हायड्रॉलिक जॅक तुमच्या गाडीला आहेत, ते कँपग्राउंडवर डुलणं थांबवण्यासाठी आहेत, त्यांच्या भरवशावर खाली झोपायचं नसतं. त्यांची सील गळतात. चॅसीच्या मुख्य लोखंडी पट्ट्यांखाली पुरेशा क्षमतेचे स्टँड लावलेले नाहीत आणि चाकांना अडण्या नाहीत, तोवर डोकं, खांदा, हात, काहीही खाली घालायचं नाही. तुमच्याकडे तसे स्टँड असतील असं मला वाटत नाही. म्हणून माझा निकष सोपा आहे: मागच्या दारातून आणि पलंगाखालच्या झाकणातून सगळं जमत असेल तर करा. खालून हात घालावा लागतोय असं दिसलं की तिथेच थांबा आणि खड्डा किंवा लिफ्ट असलेल्या गॅरेजात न्या. पैसे गेले तरी चालतील.

इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा. काही गाड्यांना मागे इंजिनाजवळच स्टार्टचं बटण असतं, ते आहे का बघा. मग बॅटऱ्या. चॅसीच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काम संपत नाही. मोटरहोमला घराच्या, म्हणजे राहायच्या भागाच्या, बॅटऱ्यांची वेगळी रांग असते आणि अल्टरनेटरची जाड तार बऱ्याचदा दोन्हींकडे जाते. घराच्या बॅटऱ्यांचीही निगेटिव्ह काढा, बाहेरच्या विजेची केबल उपटा, सोलर पॅनल बंद करा. हातात लांब लोखंडी पाना आणि शेजारी अल्टरनेटरची उघडी तार, अशी ही जागा आहे.

बेल्ट मागवताना लोक चुकतात ते ‘५.९ कमिन्सचा बेल्ट द्या’ म्हणून. त्याच इंजिनावर चॅसी बनवणाऱ्याने कुठला अल्टरनेटर बसवला, एसीचा कॉम्प्रेसर कुठे ठेवला, यावर बेल्टची लांबी बदलते. चॅसी कंपनीला चॅसी नंबर सांगा, त्यांच्याकडे तुमच्या गाडीची मूळ यादी असते. आणि जुन्या बेल्टच्या पाठीवरचा आकडाही वाचा. उदाहरणार्थ ‘८ पीके १४२०’ म्हणजे ८ रेघा आणि १४२० मिलिमीटर लांबी. तोच बेल्ट अमेरिकन पद्धतीत ‘के ०८०५६०’च्या जवळपास येतो: ८ रेघा, ५६.० इंच. आकडा पुसला असेल आणि तुम्ही बाहेरून टेप गुंडाळून मोजलंत, तर माप छापील आकड्यापेक्षा थोडं जास्त भरतं, कारण छापील लांबी बेल्टच्या बाहेरच्या अंगाची नसते. म्हणून मोजून मागवण्यापेक्षा जुना बेल्टच दुकानात न्या. दोन्ही आकडे जुळले नाहीत, म्हणजे चॅसी कंपनी एक सांगते आणि बेल्टवर दुसरं लिहिलंय, तर आधीच्या कुणीतरी अल्टरनेटर बदललेला असू शकतो. तेव्हा टेन्शनरचा हात त्याच्या दोन टोकांच्या खुणांमध्ये कुठे उभा आहे ते बघा. मध्याच्या आसपास असेल तर गाडीवरचा बेल्टच बरोबर मापाचा.

प्रत्यक्ष काम तसं थोडं आहे. उतरवण्याआधी फोनवर चार बाजूंनी फोटो काढा, आणि त्याशिवाय कागदावर बेल्टचा मार्ग हाताने काढा. कुठल्या पुलीला रेघांची बाजू लागते आणि कुठल्या पुलीला पाठ, हेही त्यावर लिहा. फोटोत अंधाऱ्या कोपऱ्यातली पुली दिसत नाही, कागदावर ती चुकत नाही. टेन्शनरच्या हातावर चौकोनी भोक किंवा डोकं असतं, त्यात लांब दांड्याचा पाना बसवा आणि हात बेल्ट सैल होईल त्या दिशेला ओढा. स्प्रिंग चांगलीच जोराची असते. बेल्ट निघाल्यावर पाना सोडून देऊ नका, हाताला त्याच्या जागी सावकाश परत न्या. बोटं मध्ये असतील तर मोडतात.

पुल्या तपासून झाल्या की खोबणी कोरड्या ब्रशने साफ करा. तेल, ग्रीस, बेल्टवर मारायचे फवारे, यातलं काहीही लावायचं नाही. आवाज करणाऱ्या बेल्टवर फवारा मारणं म्हणजे पकड आणखी घालवणं. नवा बेल्ट चढवताना गुळगुळीत पुली शेवटी ठेवा. टेन्शनर ओढून धरला की तिच्या कडेवरून बेल्ट सहज सरकतो, रेघांच्या पुलीवर तो सरकत नाही.

मग प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे बेल्ट एका खोबणीने बाजूला बसतो, एक रेघ पुलीच्या बाहेर लोंबते आणि काही मैलांत कड सोलून निघते. जिथे नजर जात नाही, त्या मागच्या पुलीवर हे होतं. तिथे बोटाने मोजा: खोबण्या किती, रेघा किती.

एसीचा वेगळा बेल्ट असेल आणि त्याला टेन्शनर नसेल, तर तो बोल्टने ताणायचा. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबून बघा: दर १०० मिलिमीटर अंतराला साधारण दीड मिलिमीटर दबला पाहिजे. ४०० मिलिमीटरचा पट्टा असेल तर सहाएक मिलिमीटर. गिटारच्या तारेसारखा ताणू नका, त्याने कॉम्प्रेसरचं बेअरिंग जातं. असा बेल्ट पहिल्या काही तासांच्या धावण्यात थोडा सैल पडतो, म्हणून एकदा परत ताणावा लागतो. टेन्शनर असलेल्या बेल्टला ह्याची गरज नाही.

बॅटऱ्या जोडून इंजिन दहा सेकंद चालवा, बंद करा आणि सगळ्या पुल्या पुन्हा बघा. मग दहा मिनिटं. सैल बाह्या, गळ्यातली साखळी, मोकळे केस यांतलं काही मागच्या दाराजवळ नको. आवाज आला तर स्प्रेच्या बाटलीने रेघांच्या बाजूवर थोडं पाणी उडवा. चिमणीसारखी चिवचिव पाण्याने थांबली आणि थोड्या वेळाने परत आली, तर कुठली तरी पुली सरळ रेषेत नाही. किंचाळणं पाण्याने वाढलं, तर ताण कमी पडतोय. निगडीत आमचे मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि कुठलं बेअरिंग रडतंय ते बरोबर सांगायचे. त्यांचा कान खरा होता, पण चालत्या बेल्टशेजारी डोकं नेणं तुम्ही करू नका. लांब नळीचा स्टेथोस्कोप मिळतो, तो घ्या.

खर्चाचं बोलायचं तर, माझ्या अनुभवात या इंजिनाचा चांगला बेल्ट शंभर डॉलरच्या आत मिळतो. टेन्शनर आणि आयडलर पुल्या धरल्या तरी सामान काहीशे डॉलरचं होतं, बाकी सगळी मजुरी. २,८०० डॉलरच्या कोटेशनमधून टायमिंग बेल्टची ओळ गेली की त्यांना उरलेल्या रकमेची फोड मागा: तास किती, आणि त्यात टेन्शनर, आयडलर आणि पंपाची तपासणी धरली आहे का. ‘बेल्ट उतरवल्यावर मला बोलवा, मला पुल्या फिरवून बघायच्या आहेत’ असं सांगा. चांगला मेकॅनिक याला नाही म्हणत नाही. जो म्हणेल त्याच्याकडून गाडी घेऊन या. रेडिएटर मागे असेल, तर असं गॅरेज शोधणं हाच तुमच्यासाठी बरा मार्ग.

बेल्ट दोन मागवा. दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न घालता, मोठ्या वळ्यात गुंडाळून इंजिनाजवळ नाही तर घराच्या आतल्या कप्प्यात ठेवा. त्याच्याबरोबर मार्गाचा तो कागद आणि टेन्शनरला बसणारा पाना. रस्त्यावर मदतीला येणाऱ्या मेकॅनिककडे जगातले सगळे पाने असतात, तुमच्या लांबीचा बेल्ट नसतो.

जूनमध्ये पहाटे निघा. सनसेट पॉइंटला पन्नासेक मैल झालेले असतील आणि पहिला मोठा चढ संपलेला असेल. तिथे थांबा, इंजिन बंद करा, थोडं निवू द्या आणि मागचं दार उघडून टॉर्च मारा. पुल्यांभोवती ताजी काळी भुकटी नाही, बेल्टची कड सुटलेली नाही, पंपाखाली ओल नाही, असं दिसलं तर चहा घ्या आणि कँप व्हर्डेच्या चढाला लागा. यातलं एखादं दिसलं, तर तिथून परत फिरा. फिनिक्सकडे सगळा उतार आहे, आणि उतारावर इंजिनाला कमी तापावं लागतं.